जुन्या गाडीचे इंजिन आणि थाऊचा हिशेब

कोकणातून वैभववाडीमार्गे करूळ घाट चढून वर आले, की गगनबावड्यात हवा एकदम बदलते. खालचा दमट उकाडा मागे पडतो, गगनगडाच्या बाजूने धुके उतरू लागते आणि चढाने तापलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबून श्वास घेतात. वडिलांनी १९६७ मध्ये घेतलेली आमची अॅम्बॅसेडर मार्क-टू काही वर्षांपूर्वी तिथे थांबली, ती मात्र श्वास घेण्यासाठी नव्हे. इंजिन नुकतेच संपूर्ण उघडून नव्याने बांधले होते. जेमतेम तीनशे किलोमीटर चालले होते. घाटाच्या शेवटच्या वळणांवर खालून ठक्‌ठक्‌ असा आवाज सुरू झाला, तो गाव येईपर्यंत वाढत गेला.

गावातल्या एका जीपच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी लावली. मग एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मऊ झाला. तो म्हणाला, "काका, ह्यो आवाज वरचा न्हाई, खालचा हाय. तीन नंबरच्या रॉडचं बेरिंग गेलंय. आता फुडं न्हेऊ नका, न्हाईतर क्रँक हातात येईल."

त्याचे निदान अचूक निघाले. गगनबावडा ते कोल्हापूर हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर अॅम्बॅसेडरने टेम्पोच्या हौद्यात बसून कापले. नवे बांधलेले इंजिन इतक्या लवकर का गेले, याचा शोध घेताना जे कळले, ते जुनी मोटार जतन करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

मिस्त्री वेगळा, मशिन शॉप वेगळे

इंजिनाचे काम गॅरेजमध्ये होते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. गॅरेजचा मिस्त्री इंजिन उतरवतो, उघडतो आणि पुन्हा जोडतो. परंतु झिजलेल्या भागांना नवे माप देण्याचे काम मशिन शॉपमध्ये होते. सिलिंडरचे बोअरिंग आणि होनिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्वच्या सीट आणि गाईड बसवणे ही सारी कामे तिथली. गाडीचा मालक बहुधा या दुकानाचा उंबरठा चढतही नाही. मिस्त्री ब्लॉक आणि क्रँक रिक्षात घालून नेतो, चार दिवसांनी आणतो, आणि बिलावर दोन ओळी असतात. आपल्या इंजिनाचे आयुष्य त्या दोन ओळींनी ठरलेले असते.

कोल्हापूरसारख्या शहरात अशा दुकानांची वाण नाही. उसाच्या गुऱ्हाळांची आणि विहिरींवरच्या पंपांची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता या शहराने स्वतःचा इंजिनिअरिंग धंदा उभा केला. शिवाजी उद्यमनगरातल्या गल्ल्या, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, तिथल्या फौंड्री हा त्याच परंपरेचा विस्तार. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःचा चित्रपट-कॅमेरा बनवला. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची संस्थानकालीन मेबॅक मोटार अजूनही दिमाखात दसरा चौकात येते, यामागेही यंत्र जपणाऱ्या हातांचीच पुण्याई आहे. अशा गावात मशिन शॉपवर संशय घेणे जिवावर येते. पण कारागिरांच्या गावातही प्रत्येक दुकान सारखे नसते, आणि चांगल्या दुकानातलेही प्रत्येक काम सारखे नसते.

केसाहून बारीक हिशेब

या धंद्यातले मूळ माप 'थाऊ'. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन धरली, तर एक केस दोन ते चार थाऊंचा झाला. इंजिनाचे सारे भवितव्य या केसाच्या आतबाहेर असते.

अॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे मूळचे ब्रिटिश बीएमसी कंपनीचे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून त्यात मोठा पिस्टन बसवतात. ही वाढ १०, २०, ३०, ४० थाऊ अशा पायऱ्यांनी होते. त्या पलीकडे ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. क्रँकचे उलटे असते. त्याचे जर्नल घासून बारीक करतात आणि तेवढ्याच पायरीचे जाड बेरिंग बसवतात. म्हणजे दर दुरुस्तीत धातू कमी होतो. एकदा कापलेला धातू परत येत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने मनावर कोरून ठेवावे असे हे वाक्य आहे.

जर्नल आणि बेरिंग यांच्यामध्ये तेलाची पातळ चकती राहावी, म्हणून मोकळीक ठेवावी लागते. जर्नलच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला साधारण एक थाऊ, हा कारखान्यांतला ढोबळ नियम. नेमका आकडा अर्थातच कंपनीच्या पुस्तकातून घ्यायचा. मोकळीक कमी पडली तर बेरिंग तापून चिकटते. जास्त झाली तर तेल कडेने निसटते, दाब पडतो आणि धातूवर धातू आपटू लागतो. थंड इंजिनात तेल दाट असल्यामुळे हा दोष झाकला जातो. गावातल्या गावात गाडी छान चालते. घाटात मात्र इंजिन दीर्घकाळ भाराखाली राहते, तेल तापून पातळ होते आणि दुकानाने केलेली चूक चढावर बाहेर पडते. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले.

पिस्टनची गोष्टही अशीच. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून बोअर किती ठेवायचा हे हातात आलेला पिस्टन मोजून ठरवायचे असते. पिस्टन यायच्या आधीच 'वीस थाऊ' म्हणून बोअर करून टाकणारा कारागीर घाईत तरी आहे किंवा बेफिकीर तरी. बोअरिंगनंतरचे होनिंगही महत्त्वाचे. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली पाहिजे. त्या रेघांत तेल टिकते आणि रिंगा बसतात. आरशासारखी चकचकीत भिंत पाहून खूश होणारे गिऱ्हाईक पुढे निळा धूर पाहून कष्टी होते.

उघडल्यावर काय दिसले

कोल्हापुरात ऑइल सम्प उतरवला तेव्हा तेलात सोनेरी-रुपेरी चमक होती. तिसऱ्या रॉडच्या बेरिंगचा वरचा थर जाऊन आतला तांबूस थर उघडा पडला होता. बिलावर लिहिले होते, 'क्रँक ग्राइंडिंग १० थाऊ'. बेरिंगही दहाचेच होते. ज्या दुकानाने काम केले होते तिथे गेलो, तर मालकांनी शांतपणे सांगितले, "साहेब, नव्या इंजिनावर घाट चढवलात. तेल कमी असणार. त्यात आमचा काय दोष?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि दोष माझाही होता. क्रँक दुकानातून आला त्या दिवशी कोणीही तो मोजून लिहून ठेवला नव्हता. आता बेरिंग गेल्यावर जर्नल कितीही बारीक निघाला, तरी तो ग्राइंडिंगमध्ये बारीक झाला की चालून झिजला, हे ठरवायचे कसे?

भांडण तिथेच थांबवले आणि क्रँक दुसऱ्या दुकानात नेला. तिथल्या वयस्क कारागिराने आधी काहीच बोलणे केले नाही. क्रँक धुतला, पुसला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग मायक्रोमीटर काढला. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना आणि दोन दिशांनी मोजला आणि सगळे आकडे कागदावर मांडले. तिसरा जर्नल दहाऐवजी तेरा थाऊ बारीक होता. तो एक चालून झिजला असे म्हणता आले असते. पण बाकीचे तीन, ज्यांची बेरिंगे शाबूत होती, तेही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निमुळते होते. आणि त्याहून बोलका पुरावा कोपऱ्यात होता.

क्रँकचा जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो, तिथे कारखान्याने मुद्दाम छोटी गोलाई ठेवलेली असते. क्रँकवर येणारा पीळ आणि वाक या कोपऱ्यात एकवटतो. गोलाई असली तर तो ताण पसरतो. काटकोनी कोपरा ठेवला तर तिथूनच तडा जायला सुरुवात होते. ग्राइंडिंगच्या चाकाची कड नीट घडवली नाही, की ही गोलाई उडते. आमच्या चारही जर्नलवर ती उडाली होती. कारागीर म्हणाला, "गाडी पळवून जर्नल झिजंल, साहेब. कोपरा न्हाई झिजत. तिथं बेरिंग टेकतच न्हाई."

मोजमापाचा कागद, जुनी बेरिंगे आणि बिल घेऊन पहिल्या दुकानात पुन्हा गेलो. आवाज न चढवता कोपरा दाखवला. बराच वेळ गेल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. त्यांचे ग्राइंडिंग मशिन त्या आठवड्यात बंद होते. क्रँक परस्पर दुसरीकडे पाठवला होता, तसाच परत आला आणि न मोजताच आमच्या मिस्त्रीच्या हाती दिला गेला. मालकांनी ग्राइंडिंगचे पैसे परत केले. बेरिंग, गॅस्केट, टेम्पोचे भाडे हे नुकसान मात्र आम्हीच सोसले.

भरपाई म्हणून त्यांनी आणखी एक देकार दिला होता: "भंगारातल्या अॅम्बॅसेडरचं तयार इंजिन आहे, तेच बसवून देतो." तो मोह टाळला, याचे आज समाधान वाटते.

मूळ इंजिन का सोडू नये

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. नोंदणी पुस्तकावर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही असतो. इंजिन बदलले तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार ते नोंदणी अधिकाऱ्यांच्या मान्यतेचे आणि नोंदीचे प्रकरण होते. भंगारातल्या इंजिनाचा पूर्वेतिहास कागदोपत्री सिद्ध करता आला नाही, तर पुढे गाडी विकताना किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी मालकच अडचणीत येतो.

दुसरे असे, की जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी वा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. अशा नोंदणीचा विचार करणाऱ्याला मूळ इंजिनाचे मोल निराळे सांगायला नको. म्हणूनच फेसिंगला ब्लॉक देताना त्यावर कोरलेला क्रमांक कुठे आहे हे दाखवून द्यावे आणि तो धक्क्याला लागणार नाही हे पक्के करावे.

अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट मुंबईच्या टॅक्सीतूनही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. सुटे भाग अजून मिळतात, पण ब्लॉक आणि क्रँक आता नव्याने कोणी ओतणार नाही. जे आहे ते जपायचे, एवढेच हाती उरते.

काम देण्यापूर्वी

संशयास्पद दुकान ओळखायचे कसे? दुकान कळकट आहे म्हणून ते वाईट ठरत नाही आणि काचेच्या दारामुळे चांगलेही ठरत नाही. पाहायचे ते एवढेच, की तिथे मोजण्याची साधने आहेत का आणि ती वापरात आहेत का. बोअर गेज, मायक्रोमीटर, डायल गेज पेटीत बंद असतील आणि कारागीर बोट फिरवून माप सांगत असेल, तर तिथून नम्रपणे निघावे. 'किती थाऊ' असे विचारल्यावर चिडणारा आणि आकडा सांगणारा, या दोघांत आकडा सांगणारा निवडावा, जरी तो चार पैसे जास्त घेत असला तरी.

पहिला प्रश्न 'काम तुम्ही इथेच करता की बाहेर देता' हा असावा. बाहेर देण्यात गैर काही नाही. लहान दुकानांना प्रत्येक यंत्र परवडत नाही. पण कोणते काम कुठे जाणार हे आधी कळले पाहिजे, आणि परत आल्यावर मोजून घेण्याची जबाबदारी कोणाची हेही.

भाग देताना ब्लॉक, क्रँक, हेड यांची छायाचित्रे काढावीत, क्रमांक टिपून घ्यावेत आणि पोचपावती घ्यावी. तीवर काय करायचे ते आकड्यांत लिहावे. 'इंजिन काम' एवढे मोघम लिहिलेले बिल वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. कापण्यापूर्वी तड्याची तपासणी करून घ्यावी. क्रँकसारख्या पोलादी भागाची चुंबकीय पद्धतीने होते. तडा गेलेल्या क्रँकवर ग्राइंडिंगचा खर्च करण्यात अर्थ नसतो. कमीत कमी जेवढे कापून भागेल तेवढेच कापण्याची अट घालावी. दहाने भागत असेल तर वीस कापू देऊ नये. पुढच्या पिढीचे दहा थाऊ आपण खर्च करत असतो.

काम झाल्यावर जोडणीपूर्वी दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यावे. याचा खर्च एका गॅस्केट सेटच्या आसपासही जात नाही. बेरिंगची मोकळीक पाहण्यासाठी मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा मिळतो. तो जर्नलवर ठेवून कॅप आवळायची, पुन्हा उघडायची आणि चपटा झालेला धागा सोबतच्या पट्टीवर मोजायचा. ही परीक्षा चांगला मिस्त्री आपणहून करतो. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे बूच काढून त्या आतून ब्रशने धुतल्या आहेत का, हेही विचारावे. होनिंगची करडी भुकटी तिथे राहिली, तर नवे बेरिंग पहिल्या दिवसापासून सहाणेवर घासल्यासारखे झिजते.

संशय आल्यावर

आवाज आला किंवा तेलाचा दाब पडला, तर इंजिन लगेच बंद करावे. 'घरापर्यंत नेऊ' या विचाराने पुरावा आणि इंजिन दोन्ही नष्ट होतात. उघडताना शक्यतो आधीच्या दुकानाला कळवून त्यांच्या माणसाला बोलवावे. तो आला नाही तर तेवढेच लिहून ठेवावे. बेरिंगे फेकू नयेत, तेलाचा नमुना बाटलीत ठेवावा आणि मापे तिसऱ्या, तटस्थ माणसाकडून लिहून घ्यावीत. 'तुम्ही फसवलेत' या वाक्याने दार बंद होते. 'हा कोपरा पाहा' या वाक्याने आमच्या बाबतीत ते उघडले.

काही वेळा दुकान भाग अडवून ठेवते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च केलेल्या कारागिराला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम १५१ त्याच्यावर ती वस्तू स्वतःच्या वस्तूइतकी जपण्याची जबाबदारीही टाकते. ब्लॉक मोलाचा असेल, तर हरकत लेखी नोंदवून पैसे भरावेत, पावती घ्यावी, भाग ताब्यात घ्यावेत आणि मग वाद घालावा, हे व्यवहारशहाणपण.

बोलून मार्ग निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. सदोष काम ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही करता येते, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण तिथेही निर्णय होतो तो कागदावर. मापे नसतील तर आयोगापुढेही एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो.

आमचा क्रँक त्या वयस्क कारागिराने तड्यासाठी तपासला, वीस थाऊवर घासला, कोपऱ्यांची गोलाई पुन्हा दिली आणि न मागता मापांचा कागद हातात ठेवला. तो आता नोंदणी पुस्तकाच्या पाकिटात असतो. पहिले हजार किलोमीटर घाट टाळला, तेल लवकर बदलले, आणि मग एका थंड सकाळी बालिंगे, कळे, साळवण करत गगनबावड्याला गेलो. तिथून करूळ घाट उतरून पुन्हा वर चढलो. वर आल्यावर इंजिन बंद न करता बॉनेट उघडले आणि बराच वेळ ऐकत उभा राहिलो. जीपच्या त्या मिस्त्रीने लांबूनच हात केला. या वेळी त्याला स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावावा लागला नाही.